अकरा दिवसांची ओळ

दिनांक ११ मार्च २०२५, मंगळवार. रुपये दोन हजार सातशे छत्तीस. शहागडला हायवेवर बसणाऱ्या मासळीच्या व्यापाऱ्याने दिलेली ही चिठ्ठी आहे. कटला, नग एक, वजन पंधरा किलो दोनशे ग्रॅम, दर एकशे ऐंशी. खाली त्याने ‘मुंडके नाही’ असे लिहिले आहे. विकणाऱ्याच्या नावापुढे ‘बेबीनंदा’ एवढेच आहे.

मी नदीकाठच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव आहे, म्हणून ही चिठ्ठी माझ्या फायलीत आली. जालन्याला बी.कॉम. केले आणि इथे लागलो, तो बत्तीस वर्षे इथेच राहिलो. येत्या मे अखेर निवृत्त होईन. मला पोहता येत नाही. कटला आणि रोहू यांतला फरक कळायलाही पहिले वर्ष गेले. पण सोसायटीची वजनवही मी कधी एक दिवस मागे पडू दिली नाही.

आमच्या शेडच्या आतल्या भिंतीवर निळ्या रंगाचा पट्टा आहे. वर ‘विक्रमी मासा’ असे लिहिले आहे आणि खाली एकेका ओळीत नाव, वजन, तारीख. जुना विक्रम मोडला की त्याखाली नव्याची ओळ येते. जुनी ओळ पुसत नाहीत. कोणता विक्रम किती टिकला ते भिंतीवर नसते. ते मी वहीच्या मागच्या पानावर माझ्यापुरते काढून ठेवतो. पहिला १९९४ सालचा, नऊ किलो आठशेचा, पाच वर्षे सात महिने पंधरा दिवस टिकला. दुसरा कडूबाचा, बारा किलो शंभरचा. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी सकाळी सात वाजता कडूबाने तो काट्याला लावला आणि साडेआठला त्याचाच चुलत भाऊ बारा किलो साडेआठशेचा मासा खांद्यावर घालून आला. त्या चुलत भावाचा विक्रम सात वर्षे चोवीस दिवस टिकला. मग २००६ साली गोदावरीला मोठा पूर आला, आणि पूर ओसरल्यावर ११ नोव्हेंबरला रामकिसनच्या जाळ्यात एकोणीस किलो चारशे ग्रॅमचा कटला आला. त्यानंतर भिंतीवर अठरा वर्षे ओळ वाढली नाही.

कडूबाचा दीड तासाचा विक्रमही भिंतीवर आहे. कडूबा आता पंच्याहत्तरचा आहे, जाळे टाकत नाही, पण रोज शेडमध्ये येऊन बसतो. नवा माणूस दिसला की आपली ओळ दाखवतो.

“दीड तास रेकॉर्ड माझ्या नावावर होतं,” तो सांगतो. “त्यात दोन चहा पिलो. दोन्ही बारीला हॉटेलवाल्यानं पैसे न्हाई घेतले. तिसरा चहा मागितला तवा म्हणला, बाबा, आता भावाला पाजू द्या.”

आमच्या सोसायटीत एक रीत आहे, ती कुठल्याही पोटनियमात नाही. ज्याचा विक्रम मोडला, त्याच्या घरी नव्या विक्रमी माशाचे मुंडके द्यायचे, आणि तेही त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत. कटल्याचे मुंडके मोठे असते, रश्शाला गोड लागते. दुसऱ्याचा मान घेतला तर त्याची चूल त्या दिवशी उदास राहू नये, असा त्यामागचा विचार असावा. मुंडके घरात घेतले म्हणजे जुन्याने नव्याला मानले. १९९९ साली कडूबाने ते घेतले. २००६ साली कडूबाच्या चुलत भावाने घेतले. विक्रमी माशाच्या वजनाचा पोटनियम मात्र आहे, क्रमांक सात: मासा अख्खा असावा, सोसायटीच्या काट्यावर असावा, सचिवासमोर असावा.

आता बेबीनंदाताईंविषयी.

बेबीनंदा पुंजाराम हिवराळे, सभासद क्रमांक त्रेसष्ट, वय चोपन्न. माहेर भोकरदन तालुक्यातले केदारखेडा. तिथल्या नदीत वडिलांबरोबर गळ टाकायला शिकल्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा दिवसा दुसऱ्यांच्या कापसात मजुरी आणि सांजेला नदी, असा त्यांचा क्रम पडला. आमचे बाकीचे सभासद पिढीजात मासे धरणाऱ्या घरांतले. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते नायलॉनची जाळी सोडतात. बेबीनंदाताईंकडे तराफाही नव्हता आणि जाळेही नव्हते. जुन्या घाटाच्या तुटक्या दगडावर बसून त्या हाताने दोरी टाकत. शेंगदाण्याची पेंड, भाजलेली कणीक आणि आंबवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, अशी गोळी त्या गळाला लावतात. चौथी एक वस्तू त्यात असते, ती कोणती ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेले नाही.

२०११ साली त्यांनी सभासदत्वाचा अर्ज केला तेव्हा मोठी कुरबूर झाली. बाई आहे, हा एक मुद्दा होता. ‘त्या गल्लीतली’ आहे, हा दुसरा. तो कोणी मोठ्याने बोलले नाही, पण बैठकीत सगळ्यांना ऐकू आला. मी पोटनियम वाचून दाखवला. त्यात नदीकाठचा रहिवासी आणि मासेमारीचा व्यवसाय एवढ्याच दोन अटी होत्या. चेअरमन कल्याण तेव्हाही चेअरमनच होता. तो म्हणाला, “गळाला चिंगळ्या लागतेत, बाई. सोसायटी कटल्याची हाय.”

“मंग कटला लागला तर काय करता?” त्यांनी विचारले.

“भिंतीवर नाव लिहितो तुझं.”

सगळे हसले. बेबीनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, “साहेब, हे लिहून घेतलं का?” मी इतिवृत्तात ते वाक्य घेतले नव्हते. घ्यायला हवे होते असे मला पुढे वाटले.

चौदा वर्षे त्या त्याच दगडावर बसल्या. सहा किलोपर्यंतचे कटले त्यांना लागले, एकदा आठ किलोचा लागून दोरी तोडून गेला. नवरा पुंजारामभाऊ बांधकामावर मजुरीला जात. सुटीच्या दिवशी ते काठावर बसत, पण पाण्याची त्यांना फार भीती.

११ मार्चला सकाळी पुंजारामभाऊ तिथेच होते, म्हणून पुढची हकीगत मला त्यांच्याकडून कळली. साडेदहाच्या सुमारास दोरीला ओढ बसली. बेबीनंदाताईंना वाटले, गळ तळातल्या दगडात अडकला. मग तो दगड चालू लागला.

“अगं संघपालच्या माय, सोड!” पुंजारामभाऊ ओरडले.

“तुम्ही पदर धरा,” त्या म्हणाल्या.

त्या छातीभर पाण्यात उतरल्या. काठावरच्या बाभळीला एका हाताने कवटाळून पुंजारामभाऊंनी दुसऱ्या हाताने बायकोचा पदर धरला. पावणेदोन तास. मासा जाईल तशी दोरी द्यायची, थांबला की गोळा करायची. पुंजारामभाऊ सांगतात, “मी तीनदा म्हणलो, सोड. चौथ्यांदा तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी माशालाच म्हणलो, तू सोड बाबा.”

सव्वाबाराला मासा काठावर आला. दोघांनी तो गोणपाटात गुंडाळला, एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर आडवा टाकला आणि सोसायटीच्या शेडवर आणला. शेडला कुलूप होते.

त्या दिवशी मी ऑडिटच्या कागदांसाठी जालन्याला गेलो होतो. काटा आत कपाटात होता, आणि शेडची व कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. दुसरी किल्ली करून चेअरमनकडे ठेवावी, असे मला दोन वेळा सुचवले गेले होते. किल्ली एकाच्याच ताब्यात असली की जबाबदारी निश्चित राहते, असे मी दोन्ही वेळा उत्तर दिले होते. मोबाईलही मी ऑडिटरसमोर बंद ठेवला होता.

बेबीनंदाताई चार वाजेपर्यंत शेडच्या पायरीवर बसून राहिल्या. मार्चचे ऊन. गोणपाटावर पाणी मारत होत्या. कडूबा शेजारी बसला होता. त्यानेच त्यांना आठवण करून दिली, “बेबे, मासा मोठा हाय. रामकिसनपेक्षा मोठा दिसतोय. पन मुंडकं दिवस मावळायच्या आत गेलं पायजे बरं का.”

इथे त्यांनी चूक केली. माझी वाट पाहिली असती तर सहाला मी आलोच असतो. मासा थोडा उतरला असता, पण अख्खा राहिला असता. पोटनियम सातपेक्षा त्यांना रीत मोठी वाटली. त्यांनी पायरीवरच कोयत्याने मुंडके तोडले, घमेल्यात घातले आणि रामकिसनच्या दारात नेऊन दिले. रामकिसन घरी नव्हता. त्याच्या बायकोने घमेले हातात घेतले, आत नेले आणि रिकामे करून, धुऊन परत दिले. त्याच घरातून २०११ साली अर्जाला सर्वांत जास्त विरोध झाला होता, म्हणून मी हे मुद्दाम लिहितो. मग बेबीनंदाताईंनी धड हायवेवर विकले. ती ही चिठ्ठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या.

“जय भीम, साहेब. रेकॉर्ड लिहा.”

मी चिठ्ठी पाहिली. पंधरा किलो दोनशे. भिंतीवर एकोणीस किलो चारशे.

“बेबीनंदाताई, हे कमी आहे.”

“मुंडकं धरलं तर कमी न्हाई.”

“मुंडकं कुठं आहे?”

“रामकिसनमामाच्या पोटात.”

मी त्यांना पोटनियम सात वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, “अख्खा मासा चार तास तुमच्या कुलपासमोर पडून होता. त्याला नियम वाचता येत न्हवता.”

विषय मासिक बैठकीत ठेवतो, असे मी त्यांना सांगितले. बैठक २५ तारखेला होती. नियमाने बोलल्याचे समाधान मला होते, आणि त्या रात्री जेवण गेले नाही हेही खरे.

मुंडक्याचे वजन किती होते हा एकच प्रश्न होता. चार किलो दोनशेच्या वर असले तर विक्रम त्यांचा. त्या रामकिसनकडे गेल्या. रामकिसन अडुसष्ट वर्षांचा, कल्याणचा सख्खा चुलता. घराच्या ओट्यावर त्याचे छोटे किराणा दुकान आहे. अठरा वर्षे चार महिने भिंतीवरची शेवटची ओळ त्याची होती. गावात कोणी पाहुणा आला की लोक त्याला ‘एकोणीस चारशेवाले’ म्हणून दाखवीत.

“रामकिसनमामा, मुंडकं किती भरलं?”

“मी मासे खातो, मोजत न्हाई,” तो म्हणाला.

“तुमच्या दुकानात काटा हाय.”

“दुकानात हाय. तोंडात न्हाई.”

ओट्यावर बसलेले लोक हसले. त्या परत आल्या आणि दगडावर जाऊन बसल्या. रोज येता-जाता त्या शेडमध्ये डोकावत, भिंतीकडे पाहत आणि मला एकच विचारत, “पंचवीस तारीखच ना?” मी म्हणे, “पंचवीसच.”

बावीस तारखेला, शनिवारी, वसंताच्या जाळ्यात कटला आला. वसंता पस्तिशीचा, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. या वेळी शेड उघडी होती, काटा टांगलेला होता, मी समोर होतो. तेवीस किलो सहाशे पन्नास. वेळ सकाळी नऊ चाळीस. मी वहीत घेतले. कल्याणने पेढे मागवले, आणि दुपारीच बबलू पेंटरला बोलावून रामकिसनच्या ओळीखाली वसंताची ओळ लिहून घेतली. इतकी घाई त्याने आजवर कशाचीच केली नव्हती.

“चला, प्रश्नच मिटला,” तो मला म्हणाला. “आता बाईचं रेकॉर्ड होतं का न्हवतं, काय फरक पडतो? मोडलंच असतं ना आज.”

हिशेब तपासताना आपण असे म्हणत नाही. पैसा आला आणि गेला म्हणून तो आलाच नव्हता असे कुठल्याही वहीत लिहीत नाहीत. पण मी हे तेव्हा बोललो नाही.

पाचला वसंता मुंडके तोडून घमेल्यात घेऊन निघाला. वर ओला गोणपाट. शेडच्या दारात बेबीनंदाताई बसल्या होत्या, बरोबर उंबऱ्यावर. कडेने जायला वाट नव्हती.

“वसंता, कुठं निघाला?”

“रामकिसनकाकाकडं, काकू. मुंडकं द्याया.”

“माझं घर तिकडं न्हाई.”

वसंताने कल्याणकडे पाहिले. कल्याण म्हणाला, “बेबीनंदाबाई, उठा. तमाशा नका करू. भिंतीवर शेवटचं नाव रामकिसनकाकाचं होतं. मुंडकं तिकडंच जाईन.”

“जाऊ द्या की. मी कुठं अडवून राह्यले? पन आधी एक सांगा. एका रेकॉर्डाला मुंडकी किती?”

शेडमध्ये दहा-बारा जण होते. रामकिसनही आत बाकावर होता. तो मुंडके घ्यायला घरी जायच्या तयारीत, पायात चपला घालून बसला होता.

“एक,” कडूबा कोपऱ्यातून म्हणाला. “मला एकच आल्तं. दुसरं आलं असतं तर मी न्हाई म्हणलो नसतो, पन एकच आल्तं.”

“बराबर,” बेबीनंदाताई म्हणाल्या. “एका रेकॉर्डाला एक. रामकिसनमामानं अकरा तारखेला माझ्या माशाचं मुंडकं घरात घेतलं. शिजवलं. खाल्लं. आता वसंताचं बी घेतेत. एक रेकॉर्ड गेलं अन् दोन मुंडकी खाल्ली, असं कुठं झालंय का, बाबा?”

“बिलकुल न्हाई,” कडूबा म्हणाला.

“कडूबा, तू गप,” कल्याण म्हणाला. “तुझं रेकॉर्ड दीड तासाचं.”

“अन् भिंतीवर हाय!” कडूबा उठून उभा राहिला. काठीने त्याने आपली ओळ दाखवली. “दीड तासाचं हाय पन हाय ना? पुसून दाखव. तिचे तर अकरा दिवस हायेत रे. मी अकरा दिवस असतो तर चहाच्या हॉटेलाचं दिवाळं निघालं असतं.”

दोन-तीन जण हसले. कल्याणला ते आवडले नाही.

“अहो पन मोडलं ना तिचं! आज मोडलंच ना? मंग कशाला पायजे?”

बेबीनंदाताई तेव्हा उठल्या. आवाज चढवला नाही.

“मोडायला आधी असावं लागतं, चेअरमनसाहेब. वसंतानं काय मोडलं ते त्यालाच इचारा. वसंता, तुला मामाचं मोडलेलं पायजे का माझं?”

वसंता घमेले घेऊन अवघडला होता. “माझं तेवीस हाय, काकू. मला कोनचं बी चालतंय. पन जल्दी सांगा कुणाच्या दारात ठेवू. दिवस मावळून राह्यला. न्हाई तर माझंच रेकॉर्ड अर्धं राहीन.”

ते खरे होते. मुंडके वेळेत गेले नाही तर रीत पुरी होत नाही. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. सगळे आता रामकिसनकडे पाहू लागले, कारण मुंडके घ्यायचे की नाही ते त्याने ठरवायचे होते. घेतले असते तर एका विक्रमावर दोन मुंडकी खाणारा तो आमच्या सोसायटीतला पहिला माणूस ठरला असता, आणि कडूबा जिवंत असेपर्यंत ते रोज शेडमध्ये ऐकावे लागले असते. नाही म्हटले असते तर अठरा वर्षे चार महिन्यांवरची शेवटची तारीख बदलली असती. ती ११ मार्च झाली असती, आणि त्याचा विक्रम एका गळवाल्या बाईने मोडलेला ठरला असता.

बेबीनंदाताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मामा, मला एक सांगा. अठरा वर्सं तुमचं नाव होतं. अन् एक दिवस दारात मुंडकं आलं. तुम्ही ते काट्यावर न टाकता चुलीवर टाकलं? माझ्या गळ्याची आन घ्या अन् म्हणा, मोजलं न्हाई.”

रामकिसन चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता. मग उठला आणि घरी गेला. कल्याण म्हणाला, “संपलं. काका रागावले.” पण पाच मिनिटांत रामकिसन परत आला. त्याच्या हातात भिंतीवरचे कॅलेंडर होते, मार्चचे पान वर. आमच्याकडे घरोघरी कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितात. अकरा तारखेच्या चौकटीत ‘दूध दीड’ असे होते आणि त्याखाली पेन्सिलीने ६.१००.

त्याने कॅलेंडर बेबीनंदाताईंना दिले नाही, माझ्या टेबलावर ठेवले.

“सहा किलो शंभर,” तो म्हणाला. “दोनदा मोजलं. पहिल्या बारीला वाटलं काटा बिघडला.”

“मंग तवा का न्हाई म्हणले?” बेबीनंदाताईंनी विचारले.

“खोटं बोललो,” रामकिसन म्हणाला. “अजून काय इचारायचंय का?”

“न्हाई.”

“वसंता, ते घमेलं माझ्याकडं आणू नको,” तो म्हणाला आणि चपला काढून परत बाकावर बसला.

पंधरा किलो दोनशे अधिक सहा किलो शंभर, एकवीस किलो तीनशे. कल्याण म्हणाला, “केशवसाहेब, पोटनियम सात हाय. कॅलेंडरवर वजन कुठं मोजतेत?” मी वही उघडली. बत्तीस वर्षांत मी पोटनियमाविरुद्ध एक अक्षर लिहिले नव्हते. त्या दिवशी ११ मार्चच्या पानावर शिल्लक जागेत मी नोंद घेतली: बेबीनंदा पुंजाराम हिवराळे, कटला, २१.३००. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘सचिव गैरहजर. संस्थेची किल्ली सचिवाच्या खिशात. सबब संस्थेचा काटा उपलब्ध झाला नाही. मुंडके पूर्वीच्या विक्रमधारकाने स्वतः मोजले.’ खाली सही केली. कल्याण म्हणाला, ऑडिटमध्ये हे निघेल. मी म्हटले, निघू द्या, उत्तर मी देईन. ऑडिट यंदा झाले. ऑडिटरने शेरा वाचला, मला विचारले की दुसरी किल्ली केली का. मी ती केली होती.

वसंता सहा वाजता बेबीनंदाताईंच्या दारात मुंडके ठेवून आला. ते मोठे होते. त्यांच्या पातेल्यात मावेना, शेजारच्या घरचे पातेले आणावे लागले. पुंजारामभाऊंनी मला वाटीभर रस्सा पाठवला. सोबत निरोप होता, “आता रेकॉर्ड मोडल्याचा आनंद आम्हाला बी कळला.”

भिंतीचा प्रश्न राहिला. बबलूने वसंताची ओळ रामकिसनच्या ओळीला चिकटून लिहिली होती. मध्ये बोटभर जागा नव्हती. कल्याणने तोडगा काढला, “खाली लिहू. न्हाई तर बाजूला, बारीक अक्षरात. कंस करून.”

“कंसात मी न्हाई बसणार,” बेबीनंदाताई म्हणाल्या. “माझा नंबर वसंताच्या आधी हाय. आधीच लिहा. वसंताची पुसा, माझी लिहा, त्याखाली त्याची लिहा.”

“दोन ओळींचा खर्चा कोण देईन? एका ओळीचे पासष्ट रुपये आधीच दिलेत.”

“आजवर कुणी दिला? सोसायटीनं. मंग सोसायटीच देईन.”

“अकरा दिवसांच्या रेकॉर्डाला सोसायटी पैसे देणार न्हाई,” कल्याण म्हणाला. “पायजे तर तुझ्या पैशानं लिहून घे.”

मी बाजूला घेऊन त्यांना म्हटले, ताई, मी देतो, चूक माझी होती. त्यांनी मान हलवली. “तुमच्या खिशातनं किल्ली निघाली, तेवढं बास झालं. पैसे नका काढू. माझ्या पैशानं लिहिलं तर ती माझ्या घरची भिंत होईन. मला सोसायटीच्या भिंतीवर पायजे.” वसंतानेही पैसे देऊ केले होते. त्यालाही त्यांनी हेच सांगितले.

२५ तारखेच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला आणि पुढे ढकलला गेला. तेव्हा त्यांनी बबलूला थेट विचारले, “उधारीवर लिहितो का? उधारी माझी न्हाई हां, सोसायटीची. पावती सोसायटीच्या नावानं फाड.” बबलू कडूबाचा नातू. त्याने आजोबाकडे पाहिले. आजोबा म्हणाला, “लिही. माझ्या ओळीएवढीच जाड लिही.”

बबलूने पट्ट्याच्याच निळ्या रंगाने वसंताची ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर दोन ओळी लिहिल्या. बेबीनंदाताई तो सगळा वेळ समोर उभ्या होत्या. ‘हिवराळे’मधला ‘ळ’ बबलूने थोडा बारीक काढला, तर त्यांनी तो परत काढायला लावला. कल्याण आत आला, पाहिले आणि बाहेर गेला.

आता भिंतीवर असे आहे: रामकिसन १९.४००, बेबीनंदा पुंजाराम हिवराळे २१.३००, वसंता २३.६५०. माझ्या मागच्या पानावर रामकिसनपुढे अठरा वर्षे चार महिने, त्यांच्यापुढे अकरा दिवस. वसंताची जागा अजून कोरी आहे. त्याचा विक्रम टिकून आहे. कडूबा नव्या माणसाला आता दोन ओळी दाखवतो. आपली दाखवून झाली की काठी खाली आणतो आणि म्हणतो, “अन् ही आमची बाई. गळानं.”

त्या अजून त्याच दगडावर बसतात. मागच्या आठवड्यात मी विचारले, आता काय पाहिजे? म्हणाल्या, “चोवीस.” पुंजारामभाऊंनी बाभळीला एक जाड दोर बांधून ठेवला आहे. यापुढे पदर धरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

बबलूच्या पावतीचा विषय त्यानंतरच्या नऊ बैठकांत ठेवला गेला आणि नऊ वेळा पुढे ढकलला गेला. दर वेळी बेबीनंदाताई तो परत ठेवायला लावतात आणि मी ठेवतो. मी निवृत्त होईन तेव्हा नव्या सचिवाला द्यायच्या यादीत तो आहे. दोन ओळींचे, दर ओळीस पासष्टप्रमाणे, बबलू पेंटरचे एकशे तीस रुपये सोसायटीकडून देणे बाकी आहे.